विद्यापीठाच्या आवारातला लहान चौक: बसावंसं वाटणारा आणि ओस पडणारा, यात फरक कुठे पडतो?

सावली

विद्यापीठाच्या आवारात दोन इमारतींमधला बोळ संपतो, वळण येतं आणि अचानक बारा-पंधरा मीटरचा छोटा चौक समोर येतो. एक झाड, भिंतीकडेने कट्टे, पायाखाली बारीक खडी. आवाराच्या नकाशात त्याला नावही नसतं, पण दुपारी तिथे जागा मिळत नाही. पलीकडच्या विभागात तेवढाच चौक असतो, दगड जास्त महागाचा, मधोमध कारंजं, आणि तिथे चिटपाखरू नाही. हे जगभरच्या विद्यापीठांत दिसतं. फरक कशाने पडतो ते मोजमापांसकट एका जागी लिहून काढू या. ज्यांना बांधकाम, झाडं, पाणी, देखभाल यातलं कळतं त्यांनी आपापल्या टोपणनावाने जरूर लिहा.

सुरुवात मी, सावली, करते. माझं मत असं की लहान चौक कडांवर जमतो किंवा कडांवरच बिघडतो. मधल्या भागाचं काम एवढंच, की तो डोळ्यांना मोकळा मिळावा. माणूस बसताना पाठीशी काहीतरी घट्ट शोधतो आणि समोर हालचाल बघायला मागतो. म्हणून कडेला बसायची जागा नसेल तर मध्ये काहीही करा, उपयोग नाही.

आकाराबद्दल: चौकाची रुंदी भोवतीच्या इमारतीच्या उंचीच्या दीडपट-दुपटीच्या आसपास असली की बंदिस्तपणा जाणवतो पण कोंडल्यासारखं होत नाही. रुंदी उंचीपेक्षा कमी झाली की ती प्रकाशासाठी सोडलेली पोकळी होते. तिपटीच्या वर गेली की भिंतींचा आधार वाटेनासा होतो. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव साधारण २० ते २५ मीटरपर्यंत वाचता येतात. १२-१५ मीटरच्या चौकात पलीकडे बसलेला माणूस ओळखता येतो, तरी त्याचं बोलणं कानावर आदळत नाही.

पुढच्या चर्चेसाठी एक नमुना धरू: पूर्व-पश्चिम १५ मीटर, उत्तर-दक्षिण १२ मीटर, म्हणजे १८० चौरस मीटर. चारी बाजूंना ९ मीटर उंचीच्या इमारती.

वाट कुठून जाते हे सगळ्यात आधी बघावं. एकच दार असलेला चौक त्या विभागाची खासगी जागा होतो, परका आत यायला कचरतो. समोरासमोर दोन दारं आणि वाट बरोबर मधून, असं केलं की चौकाचा बोळ होतो आणि बसलेला माणूस प्रदर्शनात मांडल्यासारखा दिसतो. चांगल्या चौकात दोन वाटा कोपऱ्यांपाशी उघडतात आणि रहदारी एका कडेने, साधारण १.८ मीटरच्या पट्ट्यातून जाते. दोन माणसं शेजारी चालत जातील आणि तिसरा समोरून येऊ शकेल एवढा तो पट्टा. उरलेला चौक शांत राहतो, पण निर्जन वाटत नाही.

ओळंबा

छान विषय. उन्हाचा हिशोब आधी करावा, कारण तो चुकला की पुढचं काहीच दुरुस्त होत नाही.

उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या सर्वात लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असेल? ९० मधून अक्षांश वजा करा, आणखी २३.५ वजा करा. २० अक्षांशावर उत्तर येतं ४६.५ अंश. ९ मीटर उंच दक्षिणेकडच्या इमारतीची सावली सुमारे ८.५ मीटर पडते. सावली यांच्या नमुन्यातल्या उत्तर-दक्षिण १२ मीटरच्या चौकात उत्तरेचा साडेतीन मीटरचा पट्टा उन्हात राहतो. हिवाळ्यातले कट्टे तिथेच हवेत.

४० अक्षांशावर तोच कोन २६.५ अंशांवर येतो आणि सावली १८ मीटर होते. म्हणजे हिवाळ्याच्या मध्यावर चौकाच्या जमिनीला दुपारीही ऊन नाही. उत्तरेच्या भिंतीवर तीन मीटरच्या वर तेवढं दिसेल. अशा ठिकाणी दक्षिणेची बाजू एक मजली ठेवणं किंवा तिकडेच मोठी फट सोडणं हा खरा उपाय. फिकट रंगाची उत्तर भिंत खाली थोडा उजेड परतवते, पण ऊब देत नाही. दक्षिण गोलार्धात दिशा उलट्या धरा.

एक चूक फार वेळा होते. नकाशावर सावली जूनची काढतात, चौक सुंदर दिसतो, आणि कट्टे दक्षिणेच्या भिंतीला लागतात. थंड प्रदेशात ते वर्षातले चार-पाच महिने ओले आणि शेवाळलेले राहतात. मार्च आणि डिसेंबर या दोन्ही महिन्यांच्या सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सहा सावल्या काढल्याशिवाय कट्ट्याची जागा ठरवू नये.

चाकोरी

वाटेचा पट्टा वेगळा दाखवायचा म्हणून चौकाला एक पायरी खाली घेणं सर्रास दिसतं. ती एकटी पायरी धोक्याची आहे. एकाच रंगाच्या दगडात १५० मिमीची एक पायरी डोळ्याला दिसतच नाही, माणसं तिथे पडतात. आणि चाकाच्या खुर्चीला चौक बंद होतो तो वेगळाच. दगड बदला, पोत बदला, पण पातळी एक ठेवा.

पातळी बदलायचीच असेल तर किमान तीन पायऱ्या घ्या म्हणजे त्या दिसतात. बाहेरची पायरी १३० ते १५० मिमी उंच आणि ३५० ते ३८० मिमी रुंद. दुप्पट उंची अधिक रुंदी मिळून ६२० ते ६५० च्या आसपास आली की पाऊल सहज पडतं. प्रत्येक पायरीच्या नाकाशी, म्हणजे पुढच्या कडेशी, वेगळ्या रंगाची ५० मिमी पट्टी. उताराची वाट १२ ला १ (१२ मीटर अंतरात १ मीटर चढ) पेक्षा खडी नको, २० ला १ जमली तर कठडाही टळतो आणि ती वेगळी वाटत नाही. उताराची वाट मागच्या दाराने नेऊ नका, सगळे जिथून येतात तिथूनच असावी.

चौकात कुठेतरी १.५ मीटर व्यासाची सपाट जागा खुर्ची वळवायला लागते. कट्ट्याच्या टोकाशी ९०० मिमीची मोकळी फट ठेवली की खुर्चीतला माणूस मित्रांच्या ओळीत बसतो, ओळीच्या समोर नाही. ही फट काढायला काहीही जास्त खर्च येत नाही, तरी नव्वद टक्के नकाशांत ती नसते असं म्हणावंसं वाटतं.

सावली

चाकोरी, पायरीबद्दल पूर्ण पटलं. पट्टा आणि चौक यांच्यात फक्त पोत बदलणं हेच बरं.

बसण्याबद्दल आता. शहरातल्या जागांचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांचं चित्रीकरण करून माणसं कुठे बसतात ते मोजलं होतं. त्यातून निघालेली गोष्ट साधी होती: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. एक फुटापासून तीन फुटांपर्यंतची कुठलीही कड लोक वापरतात. हलवता येणारी खुर्ची दिली तर माणूस बसण्यापूर्वी ती इंचभर का होईना सरकवतो. ते सरकवणं म्हणजे ती जागा आपली करून घेणं. त्याच शहरातलं १९६७ चं पेली पार्क जेमतेम ४२ बाय १०० फुटांचं आहे. हलक्या खुर्च्या, १२-१२ फुटांवर लावलेली झाडं आणि मागच्या भिंतीवरून कोसळणारं २० फुटी पाणी. विद्यापीठाच्या चौकासाठी यातून पहिल्या दोन गोष्टी घ्याव्यात, धबधबा सोडून द्यावा.

गवंडीकाम

कट्ट्याची मापं देतो, कारण इथे पाच सेंटिमीटरने काम बिघडतं.

बसायची उंची ४३० ते ४५० मिमी. ही मापं तयार फरशीवरून धरायची, काँक्रीटवरून नाही. फरशीला उतार असतो, त्यामुळे सहा मीटर लांब सपाट कट्टा एका टोकाला ४५० आणि दुसऱ्या टोकाला ५५० होतो, आणि ५५० वर बुटक्या माणसाचे पाय लटकतात. कट्टा उताराच्या आडव्या दिशेत ठेवला की हा प्रश्न येत नाही.

एका बाजूने बसायचं असेल तर खोली ४५० मिमी पुरे. दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसायचं तर ९०० हवी, ६०० वर कोणीच नीट बसत नाही. माणशी ६०० मिमी लांबी धरा. पाठ टेकायला दिली तर ती बैठकीशी १०० ते १०५ अंशांत कलती हवी. सरळ ९० अंशांची पाठ दहा मिनिटांत माणसाला उठवते.

दगडी बैठकीला मागे ५० ला १ असा बारीक उतार द्या, नाहीतर पाऊस थांबल्यावर तासभर कट्टा कोरडा होत नाही. पुढची कड १० मिमी गोल घासा. दगड भिंतीच्या पुढे ३० मिमी काढून खालून ८-१० मिमीची खाच मारा. थेंब तिथेच तुटतो. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटावरून भिंतीवर येतं आणि दोन पावसाळ्यांत काळे ओघळ दिसतात.

थंडीत दगड गार आणि उन्हात तापलेला, म्हणून निदान एका कट्ट्यावर लाकडी पट्ट्या असाव्यात. पट्ट्यांमध्ये ८ मिमी फट. स्क्रू स्टेनलेसचे. साधा लोखंडी स्क्रू लाकडातल्या आम्लाने गंजतो आणि काळा डाग पसरतो. पट्टीची कापलेली टोकं तेल किंवा सीलर लावून बंद करा, लाकूड कुजतं ते टोकाकडूनच.

लांब सरळ कट्ट्यावर अनोळखी माणसं बसतात, कोपऱ्यातल्या काटकोनी कट्ट्यावर मित्र बसतात. चौकात दोन्ही हवेत.

ढाळ

चारी बाजूंनी बंद चौक म्हणजे हौद असतो, हे वास्तुरचनाकार विसरतात. आकडे बघा. नमुन्यातला चौक १८० चौ. मी. तासाला १०० मिमीचा जोराचा पाऊस धरला तर १८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. ११० मिमीचा नळ १०० ला १ उतारात हे पाणी आरामात नेतो. पण भोवतीच्या छपरांचा आतला उतार चौकातच उतरवला, समजा आणखी ३६० चौ. मी., तर पाणी तिप्पट होतं: सेकंदाला १५ लिटर. आता १६० मिमीचा नळ लागतो.

आणि जाळी पानांनी तुंबली तर? तासाला ५४ घनमीटर पाणी १८० चौरस मीटरवर, म्हणजे ३० सेंटिमीटर. दाराचा उंबरा साधारण १५ सेंटिमीटरवर. अर्ध्या तासात पाणी वर्गात.

म्हणून तीन नियम. छपराचं पाणी वेगळ्या नळाने थेट बाहेर न्या. चौकाला किमान दोन जाळ्या द्या आणि प्रत्येक एकटीने सगळं पाणी नेऊ शकेल अशी ठेवा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: दोन्ही तुंबल्या तर पाणी कुठून जाईल ती वाट आधीच ठरवा. बोळाची पातळी सगळ्या उंबऱ्यांपेक्षा खाली असली की पाणी बोळातून निघून जातं. बोळ नसेल तर भिंतीत उंबऱ्याच्या ५०-७० मिमी खाली एक भोक बाहेर काढा.

जाळी चौकाच्या मधोमध कधीही नको. चारी बाजूंचे उतार मध्ये आणले की फरशी चार तिरक्या त्रिकोणांत कापावी लागते, प्रत्येक टेबल डुगडुगतं, आणि पानं नेमकी तिथेच जमतात. मध्य थोडा उंच, पाणी कडांच्या पन्हळीकडे. खडबडीत दगडाला ६० ला १, गुळगुळीत काँक्रीट फरशीला ८० ला १. मध्यापासून दोन्हीकडे ६ मीटर, ६० ला १ म्हणजे १०० मिमीचा फरक. डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतो.

चाकोरींना हवी तशी उंबरा नसलेली दारं करता येतात. दाराच्या बाहेर लगेच जाळीची पन्हळ, तिच्यापासून पुढे उतार, आणि वर निदान ९०० मिमीचं छत. पन्हळीशिवाय सपाट दार केलं तर भिंतीला ओल येणारच.

ओळंबा

सेकंदाला १५ लिटरचं उदाहरण सगळ्यांनी लिहून ठेवावं. बांधून झाल्यावर एक चाचणीही करा: जाळ्या फडक्याने बंद करून टँकरचं पाणी सोडा आणि ते कुठून बाहेर पडतं ते बघा. कागदावरचा उतार आणि गवंड्याच्या हातचा उतार यात फरक निघतो.

गवंडीकाम

खडीबद्दल, कारण चांगल्या चौकात ती बऱ्याचदा दिसते आणि नक्कल करताना फसते.

गोल गोटे नकोत. ते पायाखाली सरकतात, चाकं रुततात. टोकदार खडी ६ ते १० मिमी, जाडी फक्त ४० मिमी. लोकांना वाटतं जाड थर चांगला. १०० मिमी टाकली की वाळूत चालल्यासारखं होतं. खाली १०० ते १५० मिमी दाबलेला खडीचा थर, मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. कापड नसेल तर माती वर येते आणि पहिल्याच पावसानंतर खडी मळकट दिसते.

याहून चांगलं म्हणजे भुकटीसकट ० ते ६ मिमी कच, दोन थरांत, प्रत्येक थर ४० मिमी, पाणी मारून रोलरने दाबलेला. तो खुर्चीच्या चाकांना चालतो. पण उतार ४० ला १ पेक्षा जास्त झाला तर पावसाने घळी पडतात. कडेला पोलादी पट्टी किंवा दगडाची कड हवीच, नाहीतर वर्षभरात थर पसरतो.

दारापासून ३ मीटर पक्की फरशी आणि आत पायपुसणं. एवढं अंतर नसेल तर खडे बुटांबरोबर आत जातात, गुळगुळीत फरशीवर ओरखडे उठतात आणि सफाई खातं एक दिवस सगळी खडी काढून काँक्रीट ओतायला लावतं. कितीतरी चौक असेच गेले आहेत.

पानगळ

झाडाकडे येऊ. एवढ्या चौकाला एकच झाड, बहुतेक वेळा. पूर्ण वाढ ६ ते ८ मीटर, अनेक खोडांचं, पानझडी. पानझडी का, तर उन्हाळ्यात सावली मिळते आणि हिवाळ्यात ओळंबा यांनी मोजलेलं ते साडेतीन मीटरचं ऊन वाया जात नाही. झाड बरोबर मध्ये लावू नका. एका बाजूला एक तृतीयांशावर लावलं की एक मोठी मोकळी जागा आणि एक सावलीची जागा, अशा दोन जागा तयार होतात. मध्ये लावलं की चार कोपरे उरतात आणि एकही पुरेसा नसतो.

मातीचा हिशोब नकाशात कधीच नसतो. फांद्यांच्या पसाऱ्याच्या दर चौरस मीटरला साधारण ०.६ घनमीटर माती लागते. ६ मीटर व्यासाच्या पसाऱ्याचं क्षेत्र २८ चौ. मी., म्हणजे १७ घनमीटर माती. दर वेळी दिसणारा १.२ बाय १.२ मीटरचा आणि तेवढाच खोल खड्डा देतो १.७ घनमीटर. दहावा हिस्सा! झाड पाच-सहा वर्षं बरं दिसतं, मग शेंडा वाळायला लागतो आणि मुळं फरशी उचलतात. फरशी उचलणारं झाड दोषी नसतं, त्याला खाली जागाच दिलेली नसते.

उपाय दोन. फरशीखाली प्लास्टिकचे सांगाडे, त्यात मोकळी माती, भार सांगाड्यावर. किंवा मोठी खडी आणि चिकणसर मातीचं मिश्रण, वजनाने सुमारे ८० ला २०, जे दाबलं तरी खडीच्या पोकळ्यांत मुळं वाढतात. हे दुसरं मिश्रण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात विकसित झालं. लक्षात ठेवा, त्यात खरी माती पाचवा हिस्साच, म्हणून त्याचं घनफळ जास्त धरायला लागतं.

लावताना खड्डा मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन पट रुंद, पण गोळ्याएवढाच खोल. खोडाचा बुंधा जिथे रुंदावतो ती जागा जमिनीवर दिसली पाहिजे. १० सेंटिमीटर खोल लावलेलं झाड हळूहळू गुदमरतं, आणि कारण कोणाला कळत नाही. गोळ्याची तार आणि पोतं कापून काढा. पालापाचोळ्याचं आच्छादन ७५ मिमी, खोडापासून १०० मिमी दूर. पहिली दोन वर्षं पाणी वेळापत्रकाने. झाडं मरतात ती बहुतेक पहिल्या सुट्टीत, आवार रिकामं असताना.

जात निवडताना खाली काय पडतं ते बघा. गुळगुळीत फरशीवर रसाळ फळं म्हणजे घसरणं. गिंकगो या झाडाची मादी फळं टाकते आणि त्यांना उग्र घाण वास येतो, म्हणून नर कलमच लावायचं. वड-पिंपळाच्या कुळातली झाडं एवढ्या जागेत नकोत. पसरणारा बांबू लावायचाच असेल तर सभोवती ७०० मिमी खोल जाड प्लास्टिकचा पडदा, आणि पडदा जमिनीच्या वर ५० मिमी दिसता ठेवा.

ढाळ

पानगळ, चौकाखाली तळघर असेल तर?

पानगळ

मग आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. ओली माती घनमीटरला १.८ ते २ टन. ९०० मिमी थर म्हणजे चौरस मीटरला पावणेदोन टनांच्या आसपास, शिवाय झाड आणि माणसं. हलकं मिश्रण वापरलं तरी टनाच्या वर. स्लॅबवर गवताला २०० मिमी, झुडपांना ५००-६००, लहान झाडाला ९०० तरी लागतं. झाड खांबाच्या माथ्यावर ठेवलं तर भार सहज उतरतो. माती भरण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून खाली ओल येते का ते बघा. माती भरल्यावर गळती शोधणं म्हणजे सगळं उपसणं.

कोरापाट

सावलींच्या मूळ मुद्द्याबद्दल. मध्य मोकळा ठेवा हे ठीक, पण सगळं कडांवर ढकलणं मला पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या चौकात तिचे वास्तुरचनाकार लुई कान झाडं लावणार होते. मेक्सिकोचे वास्तुरचनाकार लुइस बारागान यांनी सांगितलं की एकही झाड लावू नका. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चौकात दगड, मधून वाहणारी पाण्याची बारीक रेघ आणि समोर समुद्र, एवढंच आहे. कडांवर बसायची सोय नगण्य, तरी तो जगातल्या सर्वात लक्षात राहणाऱ्या चौकांपैकी आहे.

सावली

लक्षात राहणं आणि रोज वापरलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साल्कचा चौक एका बाजूने क्षितिजाला उघडा आहे, त्याची ताकद त्या उघडेपणात आहे. चारी बाजूंनी इमारती असलेल्या १२ मीटरच्या चौकात क्षितिज नाही. तिथे तोच कोरेपणा आणला की उरतो फक्त तापलेला दगड. त्याची नक्कल करून ओस पडलेल्या जागा म्हणूनच इतक्या दिसतात.

कोरापाट

क्षितिजाचा मुद्दा मान्य. मग मध्यात काही ठेवायचंच असेल तर हार्वर्ड विद्यापीठातलं टॅनर कारंजं बघा. रचना पीटर वॉकर यांची, १९८४. साधारण ६० फूट व्यासाच्या वर्तुळात १५९ दगड, हौद नाही, मधून फक्त धुकं उठतं. वाट, गवत आणि डांबर यांवरच दगड पसरलेत. माणसं त्यांच्यावर बसतात, मुलं चढतात. पाणी बंद असतानाही जागा पूर्ण वाटते. मध्य भरायचा तर असा.

ढाळ

हे उदाहरण योग्य आहे. लहान चौकातल्या पाण्याची कसोटी हीच: पंप बंद असताना ते कसं दिसतं? विद्यापीठात पंप बंद पडतो तो सुट्टीत, आणि सुट्टी संपली तरी बंदच राहतो. मग हौदात पाचोळा, शेवाळ आणि कागदी पेले.

पाणी हवंच असेल तर १५०-२०० मिमी रुंद, ५० ते ८० मिमी खोल दगडी पाट, आणि कुठेतरी २०० मिमीची एक उडी, आवाजासाठी. साठा जमिनीखाली बंद टाकीत. पंपाच्या आधी पानं अडवणारी जाळी, अशी की माळ्याला हत्याराशिवाय काढता येईल. साठलेल्या उघड्या पाण्यात डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ उबदार हवेत सात-दहा दिवसांत होते, म्हणून पंप बंद झाला की पाट आपोआप रिकामा झाला पाहिजे. धुकं किंवा तुषार असतील तर पाण्याचं निर्जंतुकीकरण नियमित हवं, कारण लिजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू श्वासातून जाणाऱ्या बारीक थेंबांतूनच पसरतो.

ध्वनिलहर

आवाजाकडे कोणी बघितलंच नाही, म्हणून लिहितो. १२ मीटरवर समोरासमोर दोन सपाट भिंती. आवाज जाऊन परत यायला २४ मीटर, म्हणजे सुमारे ७० मिलिसेकंद. ५० च्या वर गेलं की कान तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकतो. चौकात उभं राहून एक टाळी वाजवा. खणखणीत फडफड ऐकू आली तर गप्पा मारणाऱ्यांना तिथे थकवा येणार. दोनपैकी एक भिंत तोडा: खिडक्या ३०० मिमी आत घ्या, खांब पुढे आणा, विटांची जाळी करा. वेलींनी आवाज फारसा शोषला जात नाही, तो गैरसमज आहे.

आणि चौक मारणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे खोके. बांधताना कोणी दाखवत नाही, दोन वर्षांनी प्रत्येक खोलीमागे एक खोका चौकात लटकतो. गरम हवा, गुरगुर, खाली टपकणारं पाणी. बंद चौकात गरम हवा वर निघून जायला वेळ लागतो, त्यामुळे यंत्रंही कमी क्षमतेने चालतात. गच्चीवर एक जागा आणि तिथवर नळ्यांचा उभा मार्ग पहिल्याच नकाशात राखला, तर पुढे कोणी चौकात खोका लावायला जात नाही.

वर्गाच्या खिडक्यांपासून कट्टे निदान ३ मीटर लांब ठेवा, नाहीतर परीक्षेच्या काळात ‘येथे बसू नये’ अशी पाटी लागते आणि ती परत निघत नाही.

ओळंबा

वाऱ्याचंही तसंच. इमारतीखालचा बोळ नेमका वाऱ्याच्या दिशेत असला की त्यात वारा दाबला जाऊन वेगाने सुटतो. बोळाला एक वळण दिलं, किंवा दोन बोळ एकमेकांसमोर न आणता ३-४ मीटर सरकवले, की पुरे. सावलींनी सुरुवातीला लिहिलेलं ते वळण केवळ गंमत म्हणून नसतं.

चाकोरी

रात्रीचे दिवे थोडक्यात. २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश, कट्ट्याखालून आणि भिंतीवरून, उंच खांबावरून नाही. वाटेच्या पट्ट्यावर सरासरी ५-१० लक्स (उजेडाचं माप) पुरे, पण समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, म्हणून काही प्रकाश उभ्या भिंतींवर पडू द्या. जमिनीत पुरलेले वर बघणारे दिवे नकोत. त्यांत पाणी भरतं, डोळ्यात जातात, आणि काच इतकी तापते की हात लावता येत नाही. बाहेरचे प्लग झाकणाचे, आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे रोखणारे), ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षणावर (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर), आणि सावलीतल्या कट्ट्यापाशी. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसतच नाही.

गवंडीकाम

फरशीच्या सांध्यांचं राहिलं. सिमेंटवर पक्की बसवलेली फरशी असेल तर दर ४.५ ते ६ मीटरवर आणि भिंतीलगत लवचीक सांधा सोडा. तो विसरला की उन्हाळ्यात फरशी मध्ये उचलली जाते किंवा भिंतीच्या कडेचे दगड फुटतात. दगडावर पांढरी पूड येत असेल तर ती वरून पुसून उपयोग नाही. खाली पाणी अडकलंय आणि ते सिमेंटमधले क्षार वर आणतंय. आधी खालचा निचरा करा.

सावली

सगळ्यांचे आभार, विशेषतः तुंबलेल्या जाळीच्या आणि मातीच्या हिशोबाबद्दल. खुर्च्यांबद्दल एक विचारते. हलत्या खुर्च्या चोरीला जातील म्हणून साखळीने बांधतात, त्यावर काय उपाय?

चाकोरी

साखळी बांधली तर खुर्ची हलवता येणं हाच मुद्दा संपतो. पोलादी, पावडर कोटिंग केलेली, ४-५ किलोची खुर्ची घ्या. हाताने सरकते पण वाऱ्याने उडत नाही. पायांना बदलता येणारे रबरी बूच. १८० चौरस मीटरच्या चौकाला १५-२० पुरेत, बाकी बसणं कट्ट्यांवर. सगळ्या एकाच ठळक रंगाच्या, म्हणजे दुसऱ्या इमारतीत गेलेली लगेच ओळखू येते. सफाई कामगाराने संध्याकाळी मोजून चौकातल्याच छताखाली सरकवून ठेवायच्या, कुलपात नाही. कुलपात ठेवल्या की सकाळी किल्ली असलेला माणूस येईपर्यंत चौक रिकामा राहतो. आणि दर वर्षी दोन-तीन नव्या घ्यायच्या, हे देखभालीच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून लिहून ठेवायचं.

पानगळ

त्याच अंदाजपत्रकात झाडाच्या छाटणीचीही ओळ टाका. पहिली पाच-सात वर्षं दर हिवाळ्यात खालच्या एक-दोन फांद्या काढत पसारा २.४ मीटरच्या वर न्यायचा. एका वेळी पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. फांदी खोडाला सपाट लावून कापू नका, तिच्या मुळाशी असलेला फुगवटा ठेवून कापा, म्हणजे जखम भरते. जाड फांदी असेल तर आधी खालून एक काप, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल ओढून खाली येते.